युनियनचा करार नेमका कुणाचा पगार वाढवतो?

सातपूरकर

आमच्या कंपनीत नुकताच तीन वर्षांचा करार झाला. मी कमिटीवर आहे, त्यामुळे मागणीपत्र लिहिण्यापासून सह्या होईपर्यंत सगळ्या बैठकांना हजर होतो. वाढ चांगली मिळाली. बेसिक वाढलं, घरभाडं वाढलं, हजेरी भत्ता वाढला, मेडिक्लेममध्ये आईवडील आले. गेटवर गुलाल उधळला. त्याच पाळीत माझ्या शेजारच्या मशीनवरचा कंत्राटी पोरगा म्हणाला, "भाऊ, आमचं काही ठरलं का?" काहीच ठरलं नव्हतं. मागणीपत्रात त्यांचं नावच नव्हतं.

करारातलं एकच कलम इथे उलगडून सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ते सहसा माहीत नसतं. कंपनी वाढ तशीच देत नाही, बदल्यात उत्पादन वाढवून मागते. पाळीला जितके नग निघत होते त्यापेक्षा इतके जास्त काढून द्यायचे, असं कागदावर येतं. हे जास्तीचे नग लाइनवरून निघतात आणि लाइनवर निम्म्याहून अधिक पोरं कंत्राटी आहेत. म्हणजे घाम दोघांनी गाळायचा आणि त्या घामाची वाढ फक्त मस्टरवरच्या, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या हजेरीपटावरच्या परमनंट माणसाने घ्यायची. आमच्याकडे परमनंट माणसाच्या हातात पन्नास हजारांच्या वर पडतात. कंत्राटी पोराला ओव्हरटाइम धरून सोळा-सतरा. मशीन तेच, ड्रॉइंग तेच, रिजेक्शनचा ओरडाही तोच.

युनियनमुळे पगार वाढतो का, हा प्रश्न माझ्या मते वादाचा नाही. वाढतो. विषमता कमी होते का, हा खरा प्रश्न आहे. देशातल्या संघटित कारखान्यांत २००० च्या सुमारास पाचातला एक कामगार कंत्राटी होता. सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीत आता हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर गेलेलं दिसतं. याच कारखान्यांच्या मूल्यवृद्धीत, म्हणजे मालाच्या किमतीतून कच्चा माल वगैरे खर्च वजा जाता जे उरतं त्यात, कामगारांच्या पगाराचा वाटा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तीस टक्क्यांच्या आसपास होता, तो २००८ पर्यंत दहा-बारा टक्क्यांवर घसरला. आमच्यासारख्या युनियन करारामागून करार करत राहिल्या आणि एकूण कामगारांचा वाटा मात्र आटत गेला.

माझं मत असं बनलंय की वाढीचा आकडा किती मोठा, यावर विषमता ठरत नाही. करारात किती माणसं बसली, यावर ठरते. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं. विरोधी अनुभवही हवेत.

लालबागची

सातपूरकर, करारात किती माणसं बसली यावर विषमता ठरते, हे तुमचं म्हणणं मुंबईच्या कापडगिरण्यांच्या इतिहासात दोन्ही बाजूंनी खरं ठरलेलं आहे.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. त्याआधी बरीच वर्षं बदली. म्हणजे सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी खाडा केला असेल तर त्याच्या जागी काम, नाहीतर घरी परत. बदलीवाल्याचं घर कशावर चालायचं हे आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं.

आधी चांगली बाजू. गिरण्यांमध्ये एकाच कामाला प्रत्येक गिरणीत वेगळा दर असायचा. तो सारखा करा, ही मागणी १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातही होती. प्रत्यक्षात यायला १९४७ उजाडलं. औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने मुंबईच्या सगळ्या गिरण्यांना एकच वेतनश्रेणी लागू झाली. महागाई भत्ता राहणीमानाच्या निर्देशांकाला जोडलेला होता आणि तो सगळ्यांना सारख्याच रकमेचा. झाडूवाला असो की विणकर, भत्त्याचे रुपये तेवढेच. महागाई वाढत गेली तसा पगारात भत्त्याचाच भाग मोठा झाला आणि खालच्या-वरच्या कामगारातलं अंतर आपोआप कमी झालं. विषमता कमी करण्याचं याहून साधं यंत्र मी पाहिलेलं नाही.

आता दुसरी बाजू. साचेखात्यातला पगार गिरणीत चांगला समजला जायचा आणि त्या खात्यात दलित कामगारांना घेत नसत. धोट्यातून दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचं कारण पुढे केलं जाई. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपांच्या वेळी हा प्रश्न लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्ट युनियनच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. मालकाविरुद्ध एकजूट सांगणाऱ्या कामगारांनी आपल्यातल्याच माणसांना जास्त पगाराच्या खात्याबाहेर ठेवलं होतं, हे विसरून युनियनचा इतिहास सांगता येत नाही. बायकांचंही तसंच. १९२० च्या दशकात गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती. सत्तरच्या दशकापर्यंत त्या नावापुरत्या उरल्या. रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रं, खाती बंद होणं, कारणं अनेक होती. पण बायकांच्या नोकऱ्या टिकाव्यात म्हणून मोठा लढा कुणी उभारला नाही. त्या बायका मग गाळ्यात खानावळी चालवू लागल्या. प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्यांना कर्ज मिळावं म्हणून.

१९८२ च्या गिरणी संपाबद्दल इथे अनेकांना वाटतं की कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांनी अवाच्या सवा मागितलं आणि गिरण्या बुडाल्या. मी त्या घरात वाढले, म्हणून सांगते. साठ-सत्तरच्या दशकात इंजिनिअरिंग आणि औषध कंपन्यांतले पगार गिरणीवाल्यांच्या पुढे निघून गेले होते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार गिरण्यांत बोलणी करायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगारांचा विश्वास उडाला तरी टेबलावर तीच बसणार. म्हणून १९८१ च्या दिवाळीत बोनस बिनसल्यावर माणसं घाटकोपरला डॉक्टरांच्या दारात गेली. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही.

संपाच्या काळात आणि नंतर कापड कुठे विणलं जात होतं? भिवंडीत. पॉवरलूमवर, बारा-बारा तास, मीटरवर पैसे, ना भत्ता ना फंड. गिरणीतली नोकरी आणि मागावरची मजुरी यांतली दरी आधीपासून होती आणि मालकांनी तिचाच उपयोग केला. गिरणीच्या युनियनने भिवंडीच्या मागवाल्याला कधी आपला मानलं असतं, तर १९८२ वेगळं गेलं असतं असं माझं ठाम मत आहे.

लेथवाला

माझं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, पंधराएक माणसं. मोठ्या कंपन्यांना टर्न केलेले पार्ट देतो. मालकाच्या बाजूचं लिहितोय, पण मी स्वतः आयटीआय करून लेथवर उभा राहिलेला माणूस आहे, हे लक्षात घेऊन वाचावं.

सातपूरकर म्हणतात वाढीचा घाम कंत्राटी पोरं गाळतात. अजून एक जण गाळतो, तो म्हणजे व्हेंडर. मोठ्या कंपनीत करार झाला की काही दिवसांत खरेदी खात्याचा फोन येतो, रेट कमी करा. स्टीलचा भाव वाढला तरी पार्टचा रेट खाली. मी कुठून कमी करणार? वीज माझ्या हातात नाही, कच्चा माल ते सांगतील तोच. उरते मजुरी. माझ्याकडचा सीएनसी ऑपरेटर सरकारी किमान वेतनाच्या थोडा वर असतो, त्याच पार्टवर पुढचं काम करणारा कंपनीतला ऑपरेटर त्याच्या तिप्पट. माझ्या माणसासाठी कुठली युनियन आहे? एकही पुढारी माझ्या शेडमध्ये आजवर फिरकलेला नाही, कारण पंधरा माणसांच्या वर्गणीत त्याला रस नाही.

आणि परमनंट भरती बंद का झाली हेही बोलूया. नव्वदीत या पट्ट्यात मी टाळेबंद्या पाहिल्या. एका कंपनीत दोन युनियनची मान्यतेची भांडणं, गेटवर मारामाऱ्या, शेवटी प्लांट दुसऱ्या राज्यात. त्यानंतर जो नवा प्लांट आला त्याने पहिल्या दिवसापासून ट्रेनी आणि कंत्राटी घेतले. सात महिने झाले की ब्रेक द्यायचा, म्हणजे कायम होण्याचा हक्क सांगायला लागणारे २४० दिवस भरत नाहीत. हे वाईट आहे, मान्य. पण याला युनियनची भीतीही कारण आहे, हे तुम्ही मान्य करणार का?

सातपूरकर

लेथवाला, भीती हे एक कारण आहे, मान्य. पण ते मुख्य असतं तर जिथे युनियन नाही तिथे कंत्राटी कमी दिसायला हवे होते. आमच्याच एमआयडीसीत युनियन नसलेल्या कंपन्यांत कंत्राटी पोरं जास्त आहेत आणि परमनंटचा पगारही कमी. स्वस्त पडतं म्हणून ठेवतात. मागणी घटली की एका फोनवर माणसं कमी करता येतात, हा दुसरा फायदा.

व्हेंडरचा मुद्दा मात्र मी आमच्या कमिटीत मांडणार आहे. कंपनीचा नफा मोजताना आम्ही ताळेबंद बघतो, त्यात खरेदीचा खर्च कसा दाबला गेला हे कधी विचारत नाही.

मार्केटयार्ड

लेथवाल्यांच्या "माझ्या माणसासाठी कुठली युनियन" या प्रश्नाला महाराष्ट्रात एक उत्तर पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे आणि त्याची आठवण इथे कुणी काढली नाही, म्हणून लिहिते.

माझे वडील पुण्याच्या भुसार बाजारात हमाल. बाजार नाना-भवानी पेठेत होता तेव्हापासून, मग गुलटेकडीला. हमालाचा मालक कोण? सकाळी एका आडत्याची गाडी खाली करायची, दुपारी दुसऱ्याची, संध्याकाळी तिसऱ्याची थप्पी लावायची. हमाल कुणाच्याच मस्टरवर नसतो. कारखान्याच्या पद्धतीची युनियन इथे चालूच शकत नाही, कारण करार करायचा कुणाशी हेच ठरत नाही. पाठीवर शंभर किलोचं पोतं, दर तोंडी, दुखापत झाली तर घरी बसा.

पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांची माथाडी चळवळ, यांच्या रेट्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याची रचना नीट समजून घ्या, कारण सातपूरकरांच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे.

कायद्याने मंडळं बनवली. मंडळावर सरकार, व्यापारी आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. हमालानेही मंडळात नोंद करायची आणि व्यापाऱ्यानेही. टोळीने काम केलं की त्याची मजुरी व्यापारी थेट हमालाच्या हातात देत नाही, मंडळाकडे भरतो, आणि मजुरीच्या वर ठरावीक टक्के लेव्ही भरतो. मंडळ मजुरी हमालाच्या खात्यावर टाकतं आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, दवाखाना चालतो. हमालाने त्या महिन्यात कितीही आडत्यांकडे काम केलेलं असो, त्याचा फंड एकाच ठिकाणी साठतो. दर ठरतो तो सगळ्या बाजारासाठी. एका गाळ्यावर वेगळा आणि शेजारच्या गाळ्यावर वेगळा असं होत नाही, त्यामुळे स्वस्त हमाल शोधायची सोयच उरत नाही.

माझ्या घरात याचा अर्थ काय झाला? वडिलांकडे पासबुक आलं. बोनस दिवाळीला आला, कुणाच्या मेहरबानीने नाही. आजारपणात सावकाराकडे जावं लागलं नाही. मी आणि भाऊ शिकलो. पोत्याचं वजन शंभरावरून पन्नास किलोवर आलं, त्यासाठीही भांडावंच लागलं. आज वडिलांच्या पाठीचा मणका झिजलेला आहे, पण त्यांच्या आधीच्या पिढीतले हमाल म्हातारपणी बाजारातच कुठेतरी पडून असायचे. वडिलांना निवृत्त होता आलं.

नंतर हाच विचार पुढे गेला. कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये पुण्यात उभी राहिली. त्यातून पुढे २००८ मध्ये स्वच्छ ही सहकारी संस्था झाली आणि महापालिकेशी करार झाला. ज्या बाईचा मालक म्हणून कुणाकडे बोटच दाखवता येत नव्हतं, तिला ओळखपत्र मिळालं, घरटी ठरलेलं शुल्क मिळालं.

दोषही सांगते, नाहीतर लेथवाले सांगतीलच. माथाडीच्या नावाखाली काही ठिकाणी खंडणी चालते. काम न करता "आमचा एरिया आहे" म्हणून ट्रक अडवणारे आहेत. कारखानदारांच्या तक्रारी खोट्या नाहीत. पण त्यावर उपाय मंडळाची नोंदणी कडक करणं हा आहे. मंडळच ढिलं केलं तर खंडणीवाले राहतील आणि हमाल जाईल.

लेथवाला

ताई, ट्रक अडवण्याचा अनुभव मला आहे म्हणून विचारतो. खरी टोळी आणि खोटी टोळी मी कशी ओळखायची?

मार्केटयार्ड

दादा, मंडळाच्या नोंदीत टोळीचा आणि प्रत्येक कामगाराचा नंबर असतो. खरी टोळी पैसे हातात मागत नाही, मंडळात भरायला सांगते. रोख मागितले की समजा. मंडळाच्या कार्यालयात लेखी विचारा, नोंद नसेल तर पोलिसांत जा. आमची नोंदीतली माणसंच या लोकांना सगळ्यात जास्त वैतागलेली आहेत.

धारूरचा

आमच्याकडे करार होतो आणि तरी घरात पैसा येत नाही, हे लिहितो.

ऊसतोडीचा दर साखर संघ आणि ऊसतोड मजुरांच्या संघटना बसून ठरवतात. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली, टनाला २७३ रुपयांवरून ३६६. मजुरांची टोळी पुरवणाऱ्या मुकादमाचं कमिशन २० टक्के झालं. आकडा ऐकायला बरा वाटतो. पण हा दर एका कोयत्याचा आहे आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. दिवसाला दीड-दोन टन तोड करून मोळ्या बांधून गाडीत चढवायच्या. बाई पहाटे भाकरी करून फडात येते आणि रात्री परत चुलीपुढे बसते, तिच्या नावावर वेगळा रुपया नाही. हिशेब होतो मुकादमाकडे, आधी घेतलेल्या उचलीतून, म्हणजे आगाऊ रकमेतून वळता. हंगाम संपला की बऱ्याच जणांची उचल फिटलेलीच नसते, ती पुढच्या वर्षावर.

दर वाढला, पण पैसे ज्या वाटेने येतात ती वाट बदलली नाही. वरच्या ताईंनी लिहिलं तसं पैसे मंडळात आणि बाईच्या खात्यात वेगळे आले तर गोष्ट वेगळी होईल. कारखान्याला उसाचं वजन काट्यावर मोजता येतं, कुणी तोडला त्याची नोंद असते. खात्यावर पैसे टाकणं अवघड नाही.

नेकरकाठ

मी मूळचा पिंपरीचा, सध्या स्टुटगार्टजवळ वाहन उद्योगात. इथली पद्धत थोडक्यात लिहितो, कारण सातपूरकरांच्या शेजारच्या पोरासारखा माणूस इथेही आहे.

इथे पगाराचा करार कंपनीपुरता सहसा नसतो. धातू आणि विद्युत उद्योगासाठी आयजी मेटल ही युनियन मालकांच्या संघाशी पूर्ण प्रदेशाचा करार करते. त्यात कामाचे वर्ग ठरलेले. मोठी कंपनी असो की तिला पार्ट पुरवणारी मध्यम कंपनी, मालक संघात असेल तर दोघांना तोच तक्ता. कायद्याने करार फक्त सभासदांना लागू होतो, पण कंपन्या तो सगळ्यांनाच देतात, कारण नाही दिला तर सगळे उद्या सभासद होतील.

मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीकडून आलेले कामगार इथेही वाढले होते आणि पगारात मोठा फरक होता. २०१२ मध्ये आयजी मेटलने एजन्सी मालकांच्या संघटनांशी वेगळा करार केला. धातू उद्योगात काम करणाऱ्या एजन्सीच्या कामगाराला सहा आठवड्यांनंतर मूळ दरावर १५ टक्के अधिक, मग पायरीपायरीने नऊ महिन्यांनंतर ५० टक्के. २०१७ पासून नऊ महिन्यांनी समान वेतन कायद्यातही आलं. परमनंट कामगारांच्या युनियनने बाहेरच्या माणसासाठी भांडायचं ठरवलं, कारण तो स्वस्त राहिला तर उद्या आपलीच जागा जाईल हे त्यांना दिसलं होतं.

इथेही सगळं ठीक नाही. नव्वदीच्या उत्तरार्धात पश्चिम जर्मनीत चारातले तीन नोकरदार अशा करारांखाली होते. आता देशभर मिळून निम्मे. हॉटेलं, सफाई, गोदामं करारातून निसटली आणि तिथे पगार इतके खाली गेले की २०१५ मध्ये कायद्याने किमान वेतन आणावं लागलं, तासाला साडेआठ युरो. त्याआधी बऱ्याच युनियनचा अशा कायद्याला विरोध होता, कारण पगार ठरवणं हे आपलं काम असं त्यांना वाटायचं.

आयटीतला

आमच्यासारख्यांना युनियन करता येते का? एचआर सांगतं तुम्ही कामगारच नाही. खरं काय?

कोर्टाची पायरी

आधी आयटीतला यांना. पदनावाने ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता यावर ठरतं. व्यवस्थापकीय काम करणारे आणि ठरावीक पगाराच्या वरचे पर्यवेक्षक कामगाराच्या व्याख्येतून वगळले आहेत. हाताखाली कुणी नाही, रजा मंजूर करायचा अधिकार नाही, दिवसभर कोड लिहितो किंवा तपासतो, अशा माणसाला एचआरचं तोंडी वाक्य बांधत नाही. युनियन नोंदवताही येते.

आता मूळ विषय. सातपूरकर, तुमच्या प्रश्नाची कायद्यातली गाठ अशी आहे. कंपनी आणि युनियनने आपसात केलेला करार सही करणाऱ्यांनाच बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार त्या आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना लागू होतो, सभासद नसलेल्यांनाही. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात हे कलम १८ मध्ये होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तत्त्व तेच आहे. पण कंत्राटी पोराचा मालक कागदावर कंत्राटदार असतो, त्यामुळे तो दोन्हीतून निसटतो. त्याने अनुचित कामगार प्रथेची तक्रार करावी तर तिथेही अडतं. मालक-कामगार नातंच वादात असेल तर आधी ते दुसरीकडे सिद्ध करा, असं सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्लाच्या प्रकरणांत सांगितलं. त्याच वर्षी स्टील अथॉरिटीच्या निकालात हेही ठरलं की कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाहीत.

पण दार बंद नाही. कंत्राट निव्वळ कागदी आहे, हजेरी कंपनीचा सुपरवायझर घेतो, काम कंपनी सांगते, कंत्राटदार बदलला तरी माणसं तीच राहतात, हे पुराव्याने दाखवता येतं. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं उदाहरण घ्या. कचरा वाहतूक श्रमिक संघाने कंत्राटी सफाई कामगारांना संघटित केलं. ही माणसं बहुतेक दलित, अनेक वर्षं कंत्राटावर. औद्योगिक न्यायाधिकरणात कंत्राट बनावट असल्याचं सिद्ध झालं आणि एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने २७०० कामगारांना कायम करण्यावर शिक्कामोर्तब केलं. या माणसांच्या पगारात एका निकालाने जो फरक पडला, तो कुठल्याही परमनंट कामगाराच्या करारात पडणं शक्य नाही.

त्यासाठी कागद लागतात. हजेरीचा मोबाइलवरचा फोटो, गेटपासची प्रत, सुपरवायझरने कामाचं सांगितलेलं व्हॉट्सअॅप, फंडाच्या पासबुकावर बदललेल्या कंत्राटदारांची नावं. माझ्याकडे लोक येतात तेव्हा काम सुटलेलं असतं आणि गेटपास परत घेतलेला असतो.

लालबागची

वकीलसाहेब, नवी संहिता आणि मान्यता याबद्दल दोन ओळी लिहाल का? एकाच संघटनेला मक्तेदारी दिली की काय होतं ते आम्ही भोगलंय.

कोर्टाची पायरी

मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटी करणार. कुणालाच ५१ मिळाले नाहीत तर वाटाघाटी मंडळ, ज्यात २० टक्के पाठिंब्यामागे एक प्रतिनिधी. आणि संपाआधी आता सगळ्याच उद्योगांत १४ दिवसांची नोटीस. तुमच्या विषयाला यातला "मस्टरवरच्या" हा शब्द महत्त्वाचा. कंत्राटी कामगार कंपनीच्या मस्टरवर नसतो, म्हणून या टक्केवारीत तो मोजलाच जात नाही.

सातपूरकर

सगळ्यांचे आभार. गेल्या रविवारी कमिटीत हा विषय मी ठेवला. विरोध झाला, खोटं कशाला बोलू. "त्यांच्यासाठी मागितलं तर आपल्या वाट्यातून जाईल" असं दोघातिघांनी सरळ म्हटलं. मी त्यांना नेकरकाठ यांचा एजन्सी कामगारांचा मजकूर वाचून दाखवला. त्यावर एक जुने सभासद म्हणाले की आपल्यातले शेवटचे परमनंट भरती होऊन किती वर्षं झाली ते आधी सांगा. त्यानंतर बोलणं वेगळ्या दिशेला गेलं.

ठरलं ते एवढं. करार आता तीन वर्षं उघडणार नाही, पण उत्पादनवाढीचा हप्ता दर सहा महिन्यांनी मोजला जातो. पुढच्या मोजणीला लाइनवरच्या प्रत्येक माणसाला उत्पादन भत्ता, मस्टर कुठलंही असो, अशी मागणी द्यायची. सोबत पगाराची पावती आणि सुट्टीच्या दिवशीच्या कामाचा दुप्पट दर. कंत्राटी पोरांना युनियनचं सभासद करता येईल का, यावर मात्र गाडी अडली. आमच्या घटनेत "कंपनीचे कामगार" एवढंच लिहिलंय.

कोर्टाची पायरी

घटना दुरुस्त करा. सर्वसाधारण सभा बोलवा, "कंपनीच्या आवारात काम करणारे कामगार" असा बदल मंजूर करा आणि युनियन निबंधकाकडे पाठवा. वर्गणी त्यांना पगाराच्या प्रमाणात कमी ठेवा. पण सभासदत्वाची यादी दुरुस्ती नोंद होईपर्यंत कंपनीच्या हाती लागू देऊ नका, नाहीतर आधी त्याच पोरांना ब्रेक मिळेल.

मार्केटयार्ड

आणि त्यांच्यातला एक जण कमिटीवर घ्या, निदान निमंत्रित म्हणून. हमाल पंचायतीत टोळीचा माणूस बैठकीला बसतो, म्हणून कुठल्या गाडीचा दर परवडत नाही ते वर कळतं. तुमच्या शेजारच्या मशीनवरच्या पोराला विचारून बघा, तो तयार होईल का.

सातपूरकर

विचारलं. तो म्हणाला, एकटा नको, तिघं येतो.